घरात नायटा, घरात मांजर: उपचाराचा क्रम कुठे चुकतो आणि कसा लावायचा

पावसाळा लागला की ओळखीतल्या दोघी-तिघी तरी हमखास विचारतात, अगं ट्यूब लावली की जातो, बंद केली की परत येतो, काय करू. मग जरा खोदून विचारलं की कळतं, ट्यूब फक्त नवरा लावतोय, कपडे सगळ्यांचे एकत्रच मशीनला जातायत, सासूबाईंना कंबरेवर खाज आहे पण त्या लाजून बोलत नाहीत, आणि पोरगं मांजराचं पिल्लू कुशीत घेऊन झोपतंय. एकाचं बरं होईपर्यंत दुसऱ्याकडून परत येतं.

आमच्या डोंबिवलीच्या वन बीएचकेत हे तब्बल चार महिने चाललं होतं. औषधं वाईट नव्हती, आमचा क्रम चुकत होता. या आठवड्यात माणूस, पुढच्या महिन्यात कपडे, आणि मांजराचा विचार सगळ्यात शेवटी, असं केलं की हे संपतच नाही. तिन्ही गोष्टी एकाच आठवड्यात सुरू करायच्या. त्या कशा, ते खाली लिहितेय.

१. आधी खात्री करा की हा नायटाच आहे

नायटा म्हणा, गजकर्ण म्हणा, ही बुरशी आहे, किडा नाही. चट्टा गोलसर असतो, कडेला लाल आणि थोडा उठलेला, कडेवर बारीक कोंडा, आणि मधला भाग त्यामानाने साफ. हळूहळू बाहेर पसरत जातो. जांघ, काख, मांड्यांची आतली बाजू, स्तनांखाली, कंबरेवर नाडीच्या रेषेत, या त्याच्या आवडत्या जागा. पण एक्झिमा आणि सोरायसिसही कधीकधी अगदी असेच दिसतात, म्हणून नुसता फोटो पाठवून मैत्रिणीकडून निदान करून घेऊ नका.

स्किनच्या डॉक्टरांकडे गेलात की ते चट्ट्याच्या कडेचा कोंडा खरवडून केओएच टेस्ट करू शकतात, म्हणजे कोंड्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून मायक्रोस्कोपखाली बुरशीचे धागे बघतात. साधी टेस्ट आहे, दुखत नाही.

*सावधान:* डॉक्टरांकडे जायच्या आधी चट्ट्यावर घरातली कुठलीही जुनी ट्यूब चोपडून जाऊ नका. मलमामुळे बुरशी टेस्टमध्ये कधीकधी सापडत नाही आणि चट्ट्याचं रूपही बदलतं. लावलं असेल तर काय लावलं ते सांगा, रिकामी ट्यूब सोबत न्या.

लहान मुलाच्या डोक्यात केस तुटून गोल टक्कल पडलं असेल तर मात्र थेट डॉक्टर. डोक्यातला नायटा नुसत्या मलमाने जात नाही, पोटातून औषध घ्यावंच लागतं. नखात गेला असेल, डोळ्याजवळ असेल, घरात कुणी गरोदर आहे किंवा डायबेटिस आहे, तरीही घरच्या घरी प्रयोग नकोत.

२. हातातली ट्यूब उलटी करून वाचा

ही पायरी लोक सगळ्यात जास्त टाळतात आणि माझ्या मते अर्धं नुकसान इथेच होतं. मेडिकलमध्ये जाऊन "खाजेचं काहीतरी द्या" म्हटलं की बऱ्याचदा मिक्स ट्यूब हातात येते, त्यात बुरशीचं औषध असतं, जंतूंचं असतं आणि सोबत स्टेरॉइड असतं. ट्यूबवर बारीक अक्षरात क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन असं काही लिहिलंय का ते बघा. हे सगळे स्टेरॉइड.

स्टेरॉइडने दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते, माणसाला वाटतं काय भारी ट्यूब आहे. पण खाली बुरशी मजेत वाढत असते कारण त्या जागेची प्रतिकारशक्तीच दाबलेली असते. चट्टे मोठे होतात, एकात एक वर्तुळं दिसायला लागतात, जांघेतली कातडी पातळ होते, पांढऱ्या-गुलाबी रेघा उठतात आणि त्या रेघा पुढे कायम राहतात. आमच्या ह्यांनी अशीच एक ट्यूब तीन महिने लावली. नायटा गेला, रेघा आहेत अजून.

ट्यूबमध्ये स्टेरॉइड निघालं तर डॉक्टरांना दाखवून बंद करा. आणि हे आधीच मनात धरून ठेवा की बंद केल्यावर पहिले काही दिवस लाली आणि खाज उलट वाढू शकते, तेव्हाच घाबरून लोक परत तीच ट्यूब उघडतात. ते दिवस काढायला डॉक्टर खाजेची गोळी देतात, ती मागून घ्या.

लिंबू चोळणं, लसूण ठेचून बांधणं, चुना, रॉकेल, यातलं काहीही नको. कातडी भाजते, जखम होते आणि खाली नायटा तसाच.

३. एकाच दिवशी सगळ्यांना बघा, मांजरालाही

रविवारी सकाळी उजेडात बसा. ज्याला खाज नाही असं म्हणतोय त्यालाही विचारा, कारण लाजेपोटी लोक सांगत नाहीत. सासूबाई-सासरे असतील तर बायकांचं बायकांनी, पुरुषांचं पुरुषांनी बघा, पण बघा. पायाच्या बोटांच्या बेचक्याही बघा, तिथे कातडी पांढरी होऊन सोललेली असेल तर तिथूनही बुरशी वर जांघेपर्यंत येऊ शकते.

आता मांजर. कानाच्या कडा, नाकाच्या वर, डोळ्यांभोवती, पुढचे पाय, शेपटीचं टोक, इथे केस उलटे करून बघा. गोल टक्कल, राखाडी कोंडा, तुटलेले केस दिसतात का. पिल्लांना आणि पर्शियनसारख्या लांब केसांच्या मांजरांना हे जास्त होतं, आणि कधीकधी मांजराच्या अंगावर काहीच दिसत नाही तरी केसांत बुरशी असते. म्हणून घरात नायटा आहे आणि नुकतंच पिल्लू आणलंय तर व्हेटकडून, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरांकडून, तपासणी करून घ्याच. ते नव्या टूथब्रशने अंगभर विंचरून तो ब्रश कल्चरला, म्हणजे लॅबमध्ये बुरशी वाढते का ते बघायला, पाठवू शकतात, रिपोर्टला दोन-तीन आठवडे जातात. काही ठिकाणी वुड्स लॅम्प म्हणजे निळसर दिवा मारून बघतात, त्यात केस हिरवे चमकले तर संशय पक्का होतो, पण चमकले नाहीत म्हणून मांजर साफ असं समजू नका.

इथे एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. नायटा दिसला की लोक पहिलं मांजर सोडून येतात, कुठेतरी मच्छी मार्केटजवळ. असं करू नका. आपल्याकडे मोठ्या माणसांना जांघेत, कंबरेवर जो नायटा होतो तो बहुतेक वेळा माणसाकडूनच माणसाला आलेला असतो, टॉवेल, कपडे, अंथरूण यातून. मांजराची बुरशी बहुधा वेगळ्या जातीची, मायक्रोस्पोरम कॅनिस, ती जास्त करून आपण मांजर उचलतो तिथे उठते, हाताला, मानेला, गालाला, आणि पोरांच्या डोक्यात. मांजर सोडून आलात आणि नवऱ्याचा टॉवेल तसाच राहिला तर नायटाही तसाच राहणार. आणि मांजराला असला तरी तो बरा होणारा आजार आहे.

*तपासून घ्या:* एका कागदावर लिहिलंत का, कुणाला, कुठे, किती मोठा? चट्ट्याच्या कडेने पेनाने रेष ओढून फोटो काढा. पुढे बरं होतंय की पसरतंय हे याच्यावरूनच कळतं.

४. सुरू करायच्या आधी हे जमवून ठेवा

माणशी दोन टॉवेल, पातळ पंचे असतील तर उत्तम कारण ते पावसातही वाळतात. माणशी सहा-सात सुती अंडरवेअर. दोन झाकणाच्या बादल्या, एक आजारी कपड्यांची, एक बाकीच्यांची. मांजरासाठी दोन-तीन पुठ्ठ्याचे खोके आणि जुन्या सुती साड्यांचे तुकडे, कारण खोका सरळ फेकून देता येतो, महागडा फरचा बेड धुता धुता जीव जातो. हातमोजे. एक जुना पूर्ण बाह्यांचा गाऊन किंवा शर्ट, तो फक्त मांजराला हात लावताना घालायचा. आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध पूर्ण कोर्सचं, एक छोटी ट्यूब नाही, कारण ट्यूब संपली की माणूस आळस करतो.

५. मलम लावायची पद्धत

अंघोळ करा, साबण साधा. मग टॉवेल घासू नका, टिपून घ्या, आणि जांघ सगळ्यात शेवटी पुसा, शक्यतो वेगळ्या फडक्याने. नंतर पाच-दहा मिनिटं पंख्याखाली. ओल्या कातडीवर मलम लावून वरून घट्ट चड्डी चढवली तर आपण बुरशीला हवी तशी गरम ओली जागाच करून दिली.

मलम चट्ट्याच्या मध्यावर थापू नका. बुरशी कडेला वाढते. चट्ट्याच्या बाहेर साधारण दोन सेंटीमीटर चांगल्या दिसणाऱ्या कातडीपासून सुरू करून आत यायचं. किती लावायचं तर तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत जेवढी रेघ बसते तेवढं मलम दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. दिवसातून एकदा की दोनदा ते औषधावर आहे, डॉक्टर सांगतील तसं.

चट्टा दिसेनासा झाला की थांबायचं नाही, त्यानंतरही साधारण दोन आठवडे लावायचं, काहींना डॉक्टर जास्तही सांगतात. बहुतेक सगळे इथेच घसरतात.

पोटातल्या गोळ्या शेजारणीच्या चिठ्ठीवर घेऊ नका. इट्राकोनॅझोल या बुरशीच्या औषधाची कॅप्सूल असेल तर ती सहसा जेवणानंतर लगेच घ्यायची असते आणि अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांसोबत घेतली तर नीट अंगी लागत नाही, म्हणून रोज पॅन्टोप्राझोल वगैरे चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. लिव्हरचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर तेही.

*सावधान:* मलम लावून झाल्यावर हात धुवा, आणि मलम लावलेला भाग मांजराला चाटू देऊ नका. सॅलिसिलिक अ‍ॅसिड असलेली मलमं मांजराच्या पोटात गेली तर विषबाधा होऊ शकते.

६. काय घालायचं

नियम एकच, हवा लागली पाहिजे आणि घाम साचला नाही पाहिजे.

पुरुषांनी घट्ट व्ही-कटच्या चड्ड्या बाजूला ठेवून सैल सुती बॉक्सर घालावेत. जीन्स पूर्ण बंद, निदान बरं होईपर्यंत. जीन्स पावसात भिजली की वाळत नाही, मांड्यांत घासते आणि शिवण नेमकी जांघेत येते. लोकलमध्ये तासभर उभं राहून, भिजलेल्या जीन्समध्ये दिवसभर एसी ऑफिसात बसायचं आणि मग म्हणायचं औषध लागू पडत नाही, तर ते कसं पडणार. सैल सुती पँट घाला, ऑफिसात एक कोरडी जोडी ठेवा, पोचलात की बदला.

बायकांनी लेगिंग आणि नायलॉनच्या निकर टाळा. घरात सुती गाऊन, बाहेर सैल सलवार किंवा पलाझो. साडी नेसणाऱ्यांचा परकर हा मोठा मुद्दा आहे, नाडी रोज त्याच रेषेत घट्ट बसते, खाली घाम साचतो, आणि नायटा बरोबर तिथेच पट्ट्यासारखा उठतो. सासूबाईंचं तेच होतं. त्यांना नाडी काढून रुंद पट्ट्याचा परकर शिवून दिला आणि रोज थोडा वर-खाली बांधायला सांगितला, आठ दिवसांत त्या स्वतःच म्हणाल्या की बरं वाटतंय गं. ब्रा सुती, रोज बदललेली, घरी आल्यावर काढली तर अजून चांगलं.

करगोटा, मनगटातला दोरा, गंडा, हे ओले राहतात आणि त्यात बुरशी टिकते. श्रद्धेचा विषय आहे हे मला कळतं, म्हणून भांडू नका, बरं होईपर्यंत काढून देवाजवळ ठेवूया आणि नंतर नवीन बांधूया असं म्हटलं की घरातली वडील माणसं ऐकतात.

पायाच्या बेचक्यात असेल तर कपडे घालताना आधी मोजे घाला, मग अंडरवेअर. नाहीतर पायावरची बुरशी चड्डीला लागून जांघेत पोचते. छोटीशी गोष्ट, पण आमच्याकडे याने फरक पडला.

रेनकोटची पँट आत घामाने ओली होते, ती उलटी करून वाळवा. कपाटातले महिनाभर न घातलेले दमट कुबट कपडे घालायच्या आधी परत धुवा.

७. धुणं आणि वाळवणं

अ. कपडे काढले की झटकू नका, झटकलं की कोंडा घरभर उडतो. सरळ झाकणाच्या बादलीत.

आ. उलटे करून धुवा, कारण कोंडा आतल्या बाजूला असतो. आजारी माणसाचे कपडे, टॉवेल, चादर, उशीचा अभ्रा वेगळे. मशीनमध्ये ६० अंशाचा प्रोग्राम असेल तर तो, नसेल तर सुती कपडे कडक गरम पाण्यात साबण घालून अर्धा तास भिजवून मग धुवा. मशीन गच्च भरू नका, पाणी फिरलं पाहिजे. मांजराची फडकी दोनदा धुवायची, केस आधी चिकटपट्टीने काढून.

इ. वाळवणं हीच पावसाळ्यातली खरी लढाई. ऊन पडलं की पहिला हक्क अंडरवेअर आणि टॉवेलचा, शर्ट नंतर. ऊन नसेल तर पंख्याखाली दोरीवर सुटे सुटे टाका, एकावर एक नाही.

ई. मग इस्त्री. आतल्या बाजूने, शिवण, इलॅस्टिकची कड आणि कंबरपट्टा यावर जास्त वेळ. ओलसर अंडरवेअर "अंगावर वाळेल" म्हणून घालू नका, कधीच.

*तपासून घ्या:* कपडा गालाला लावून बघा. गार लागला तर ओला आहे.

रोज बदलायच्या गोष्टी म्हणजे अंडरवेअर (घाम येत असेल तर दिवसातून दोनदा), टॉवेल, मोजे. चादर-अभ्रे आठवड्यातून दोनदा. सोफ्यावर जुनी चादर टाका, ती धुता येते, सोफा धुता येत नाही. कुणीही कुणाचा टॉवेल वापरायचा नाही, पाहुण्यांनीही नाही.

८. मांजराचं

व्हेटने नायटा सांगितला असेल तर मांजराला एका छोट्या, पुसता येईल अशा जागेत ठेवा, आमच्याकडे बंद गॅलरी होती. पण डांबून विसरून जाऊ नका. पिल्लू असेल तर त्याला माणसाची सवय लागायचं हेच वय असतं, म्हणून रोज दोन-तीनदा गाऊन आणि हातमोजे घालून त्याच्याशी खेळा, दोरी, चेंडू, जवळ घ्यायची गरज नाही. आमची चिंगी पहिले दोन दिवस दाराला नखं घासत ओरडत होती, मुलगा बाहेर बसून रडत होता. मग त्याला दाराबाहेर बसून मोठ्याने धडा वाचायला सांगितलं, ती आवाज ऐकून शांत बसायची.

औषधी शाम्पू असेल तर फेस करून दहा मिनिटं ठेवावा लागतो, ही दहा मिनिटं फार लांब वाटतात. कोमट पाणी, पायाखाली टॉवेल म्हणजे घसरत नाही, आणि दोघं जण. पाण्यात कालवून अंग भिजवायचं औषध (डिप) असेल तर ते धुवायचं नसतं, अंगावरच वाळू द्यायचं आणि वाळेपर्यंत चाटू नये म्हणून गळ्यात फनेलसारखी कॉलर घालायची. पिल्लू पावसात गारठतं, म्हणून कोरड्या फडक्याने टिपून, गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून खोक्यात एका बाजूला ठेवा.

गारठेल म्हणून त्याला स्वेटर किंवा कपडे घालू नका. केस ओले राहतात, मलम कापडाला लागतं, आणि मांजर वैतागून नखाने ओरबाडून जखम करून घेतं. पोटातलं औषध दिलं असेल तर पूर्ण कोर्स, दीड-दोन महिने सहज लागतात.

*सावधान:* माणसाची ट्यूब मांजराला लावू नका. टी ट्री ऑइल नको. डेटॉल नको. फिनाईलने पुसलेल्या ओल्या लादीवर मांजर चाललं आणि मग त्याने पाय चाटले की विष पोटात जातं, म्हणून मांजराच्या जागेत फिनाईल बंद. कपाटातल्या डांबरगोळ्यासुद्धा त्याच्या वाटेला येऊ देऊ नका. लाळ गळणं, थरथर, सुस्ती दिसली तर वाट न बघता व्हेट.

कुत्रा असेल तर त्याचीही तपासणी त्याच आठवड्यात.

९. घर

मांजराच्या केसांतली ही बुरशी घरात पडलेल्या केसांवर वर्षभरही जिवंत राहू शकते, त्यामुळे सगळा जोर केस आणि धूळ काढण्यावर. कोरडा झाडू मारला की केस उडतात, आधी ओलसर फडक्याने गोळा करा किंवा व्हॅक्यूम करा, मग साबणाच्या पाण्याने पुसा, आणि शेवटी घरगुती ब्लीच, एक लिटर पाण्यात साधारण ३० मिली, दहा मिनिटं ओलं ठेवून साध्या पाण्याने पुसून घ्यायचं. क्रम उलटा केलात, म्हणजे मळक्या लादीवरच ब्लीच ओतलं, तर उपयोग नाही. त्या वेळी मांजर दुसरीकडे, खिडक्या उघड्या. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर किंवा दुसरं काही मिसळू नका, विषारी वायू होतो.

आठवड्यातून दोनदा पुरे. रोज ब्लीच करून स्वतःचे हात सोलून घेऊ नका.

१०. कधी थांबायचं, कधी परत जायचं

दोन आठवड्यांनी परत फोटो काढा आणि आधीच्या फोटोतल्या पेनाच्या रेषेशी ताडून बघा. चट्टा रेषेच्या आत राहिलाय, कोंडा कमी झालाय, तर बरोबर चाललंय. रेषेबाहेर गेलाय, नवीन उठलेत, किंवा चार आठवडे नीट सगळं करूनही तसाच आहे तर परत डॉक्टर, कारण सध्या आपल्याकडे बुरशीच्या काही जाती टर्बिनाफिन या नेहमीच्या बुरशीच्या औषधाला दाद देत नाहीत आणि औषध बदलावं लागतं. तेव्हा डॉक्टरांनाच दोष देऊन दुसऱ्या मेडिकलमधून दुसरी ट्यूब आणू नका.

कातडीवर राहिलेला काळपट डाग म्हणजे नायटा नव्हे, खाज आणि कोंडा नसेल तर तो डाग हळूहळू आपोआप फिकट होतो, त्यावर मलम चोपडत राहायची गरज नाही.

मांजराच्या बाबतीत डोळ्यांनी ठरवू नका. केस परत आले तरी व्हेटने कल्चर साफ आहे असं सांगेपर्यंत गॅलरी आणि गाऊन चालूच. चिंगीचं दुसरं कल्चर साफ आलं त्या संध्याकाळी तिचे खोके कचऱ्यात टाकले, गॅलरी पुसली, पोराच्या पलंगावर धुतलेली चादर घातली आणि मग दार उघडलं.